पोटॅशियम चॅनल वाढवले तर फायरिंग कमी का होतंय? (फास्ट-स्पायकिंग इंटरन्यूरॉनचं मॉडेल)

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. मेंदूतल्या निरोधक पेशींवर एम.एस्सी.चा प्रोजेक्ट चालू आहे. इथे पॅच-क्लॅम्पची (सूक्ष्म नळी लावून पेशीतला करंट मोजण्याची) सोय नाही, त्यामुळे सगळं काम लॅपटॉपवर, पायथॉनमध्ये. वांग आणि बुझाकी यांचं १९९६ सालचं इंटरन्यूरॉनचं मॉडेल घेतलं आहे. एकच कप्पा, तीन करंट. आकडे मूळचेच ठेवलेत: कपॅसिटन्स १ मायक्रोफॅरड, कंडक्टन्स (वाहकता) सोडियमचा ३५, पोटॅशियमचा ९, लीकचा (सततच्या गळतीचा) ०.१ मिलिसीमेन्स (सगळं प्रति चौ. सेंमी.), रिव्हर्सल (ज्या व्होल्टेजला करंटची दिशा उलटते) अनुक्रमे ५५, −९० आणि −६५ मिलिव्होल्ट, गेटच्या वेगाचा गुणक फाय ५. साधी ऑयलर पद्धत, पायरी ०.०५ मिलिसेकंद.

वाचलेलं असं, की पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या बास्केट पेशी (वेगवान निरोधक पेशींचा एक प्रकार) सेकंदाला २०० पेक्षा जास्त स्पाइक (विजेचे क्षणिक झटके; ते देणं म्हणजे फायरिंग) देऊ शकतात आणि त्याचं मोठं कारण म्हणजे त्यांच्यातले केव्ही ३.१ आणि केव्ही ३.२ हे पोटॅशियम चॅनल. म्हणून पोटॅशियमचा कंडक्टन्स ९ वरून २७ केला आणि २ मायक्रोअँपिअर प्रति चौ. सेंमी. करंट दिला. स्पाइक अरुंद झाला, त्यानंतरचा खड्डा खोल गेला, पण स्पाइकची संख्या घटली.

शंका अशा:

१) पोटॅशियम करंट पेशीला शांत करतो हे आपण पहिल्यापासून शिकतो. मग केव्ही ३ मुळे वेग वाढतो कसा? आणि वाढत असेल तर माझ्या मॉडेलमध्ये उलटं का?

२) एससीएन१ए जनुकाच्या बिघाडाने सोडियम करंट घटतो. सोडियम कमी म्हणजे पेशी कमी उत्तेजित. मग त्यातून ड्रॅव्हे सिंड्रोमसारखी अपस्माराची तीव्र अवस्था कशी येते?

३) मॉडेलची खऱ्या पेशीशी तुलना करायची तर नेमकं काय मोजायचं?

माणदेशी_कोड (दहिवडी)

पहिल्या शंकेपासून. तुमचं मॉडेल चुकलेलं नाही. तुम्ही वाढवलेला चॅनल केव्ही ३ नाही, एवढंच.

या मॉडेलचा पोटॅशियम चॅनल हॉजकिन-हक्सले घराण्यातला आहे, एन (गेट उघडा असण्याचा अंश) याचा चौथा घात असलेला. त्याचा वक्र खालच्या बाजूला लांब पसरलेला असतो. −४० मिलिव्होल्टला हिशोब करून बघा: अल्फा-एन ०.०७३, बीटा-एन ०.११९, म्हणजे एन ०.३८ आणि त्याचा चौथा घात ०.०२१. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण २७ ने गुणलं की ०.५७ मिलिसीमेन्स होतो, म्हणजे लीकच्या जवळजवळ सहापट. पेशी थ्रेशोल्डकडे (स्पाइक सुटण्याच्या पातळीकडे) चढत असतानाच हा करंट तिला मागे ओढतो. म्हणून २ मायक्रोअँपिअरला तुमचे स्पाइक घटले.

खरा केव्ही ३ थ्रेशोल्डच्या पट्ट्यात जवळपास बंदच असतो. तो −२० च्या आसपास उघडायला लागतो आणि अर्धा उघडतो तो शून्याच्या वर, साधारण +१० ते +२० ला. अर्ध-उघड +१० आणि उतार ९ धरून साधा बोल्ट्झमन (एस-आकाराचा वक्र) लावला तर −४० ला तो ०.४ टक्के उघडा असतो. तोच २७ चा कंडक्टन्स दिला तरी ०.१० मिलिसीमेन्स, लीकइतकाच.

दुसरा गुण बंद होण्याचा. व्होल्टेज खाली आला की केव्ही ३ चॅनल एका मिलिसेकंदाच्या आसपास मिटतो. कोयनेचे वक्र दरवाजे धरणाची पातळी वर गेल्यावर उचलतात आणि पातळी उतरली की खाली घेतात. अर्ध्या भरलेल्या धरणाचे दरवाजे कोणी उघडे ठेवत नाही. केव्ही ३ नेमका असा वागतो, आणि तुम्ही वाढवलेला चॅनल पाणी चढत असतानाच गळत होता.

आता वेग वाढतो कसा. इथे पोटॅशियमपेक्षा सोडियमकडे बघा, विशेषतः त्याच्या एच गेटकडे (वापरायला तयार असलेल्या चॅनलचा अंश). स्पाइक झाला की सोडियम चॅनल इनॅक्टिव्हेट होतात आणि खालच्या व्होल्टेजला थोडा वेळ मिळाल्याशिवाय परत वापरात येत नाहीत. तुमच्याच समीकरणांतून आकडे काढलेत:

−६५ ला एचची स्थिर किंमत ०.८०, टाइम कॉन्स्टंट १.६ मिलिसेकंद
−५० ला ०.३२, टाइम कॉन्स्टंट १.४ मिलिसेकंद
−४० ला फक्त ०.११

२०० हर्ट्झला दोन स्पाइकमध्ये ५ मिलिसेकंद असतात. त्यात व्होल्टेज झटकन −६५ पर्यंत उतरला तर एचला जवळपास तीन टाइम कॉन्स्टंट मिळतात आणि पुढच्या स्पाइकला पुरेसा सोडियम तयार असतो. तो −५० ला रेंगाळला तर कितीही थांबा, एच ०.३२ च्या वर जाणार नाही. मग दर स्पाइकला उंची घटत जाते आणि शेवटी पेशी वरच अडकते, त्याला डीपोलरायझेशन ब्लॉक म्हणतात. केव्ही ३ चं काम म्हणजे स्पाइक लवकर संपवणं, सोडियमला इनॅक्टिव्हेट व्हायला कमी वेळ देणं, खाली नेऊन सोडणं आणि लगेच बाजूला होणं. टीईए या पोटॅशियम चॅनल अडवणाऱ्या रसायनाने तो बंद केला की स्पाइक रुंद होतो, सोडियम सावरत नाही, आणि पोटॅशियम करंट कमी होऊनही कमाल वेग पडतो. तुमच्या शंकेतला विरोधाभास इथे सुटतो.

मॉडेलमध्ये करायचं असं. मूळ पोटॅशियम ९ वरून ५ वर आणा, काढून टाकू नका. वेगळा करंट जोडा: कंडक्टन्स गुणिले पी गुणिले (व्ही + ९०). पीची स्थिर किंमत वर दिलेला बोल्ट्झमन, सुरुवातीला टाइम कॉन्स्टंट सरसकट १ मिलिसेकंद. कंडक्टन्स १५ पासून सुरू करून पाच-पाचने वाढवा. दर वेळी एकाच करंटवर निष्कर्ष काढू नका; ० ते २० मायक्रोअँपिअर, ०.५ च्या पायरीने, प्रत्येक करंट १ सेकंद, पहिले २०० मिलिसेकंद सोडून द्या. केव्ही ३ चा खरा फरक वक्राच्या वरच्या टोकाला दिसतो. तुमच्या २७ च्या प्रयोगातही वरचं टोक बघा.

त्यानंतरचा प्रयोग सगळ्यात शिकवणारा आहे. −२० च्या खाली पीचा टाइम कॉन्स्टंट वेगळा धरा (दोन किमतींमध्ये सिग्मॉइडने सावकाश बदल, एकदम तुटक नको) आणि तो ०.२, ०.५, १, २, ५, १० असा बदलून कमाल वेग मोजा. फार सावकाश मिटणारा चॅनल पुढच्या स्पाइकला अडवतो. फार लवकर मिटणारा व्होल्टेज पुरेसा खाली नेण्याआधीच सोडून देतो आणि एच सावरत नाही. मध्ये कुठेतरी शिखर सापडतं. लिएन आणि योनास यांनी २००३ साली हिप्पोकॅम्पसच्या इंटरन्यूरॉनमध्ये खरे चॅनल औषधाने बंद केले, डायनॅमिक क्लॅम्पने (संगणकाने काढलेला करंट जिवंत पेशीत सोडणाऱ्या तंत्राने) कृत्रिम केव्ही ३ कंडक्टन्स घातला आणि नेमकं हेच दाखवलं: नैसर्गिक मिटण्याच्या वेगालाच फायरिंग सर्वाधिक, वेग वाढवला तरी घट आणि कमी केला तरी घट.

कोडबद्दल चार गोष्टी, कारण बरेच जण इथे अडकतात.

ऑयलरची ०.०५ ची पायरी स्पाइकच्या चढाला ढोबळ पडते. ०.०१ करा किंवा चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा वापरा. पायरी निम्मी करून तोच करंट परत चालवा. एका सेकंदातल्या शेवटच्या स्पाइकची वेळ सरकली तर पायरी अजून मोठी आहे.

अल्फा-एमला −३५ वर आणि अल्फा-एनला −३४ वर शून्य भागिले शून्य होतं. सिम्युलेशनमध्ये व्होल्टेज नेमका तिथे क्वचितच येतो, पण −१०० ते ५० असा एक-एक मिलिव्होल्टचा वक्र काढायला गेलात की हमखास नॅन (आकडा नाही अशी खूण) येतो. तिथे मर्यादा घाला: अल्फा-एम १, अल्फा-एन ०.१.

फाय फक्त एच आणि एन यांना लागतो. या मॉडेलमध्ये एम तात्काळ आहे, त्याला वेगळं समीकरण नाही. पीला फायने गुणू नका, त्याचा टाइम कॉन्स्टंट तुम्ही थेट दिलेला आहे.

स्पाइक मोजताना फक्त −२० ओलांडला एवढी अट पुरत नाही. ब्लॉकच्या अलीकडे लहान हेलकावे येतात, तेही मोजले जातात आणि वेग खोटा वाढतो. शिखर शून्याच्या वर आणि त्यानंतरचा खड्डा −४५ च्या खाली, अशा दोन्ही अटी लावा.

पुढे नेटवर्क करणार असाल तर अजून एक. या मॉडेलमध्ये गाबाचं (निरोधक पेशी सोडतात त्या रसायनाचं) रिव्हर्सल −७५ आहे. स्पाइकनंतरचा खड्डा −७५ च्या खाली गेला की त्या क्षणी आलेला गाबा पेशीला खाली न ओढता वर उचलतो आणि पेशींची एकतानता बिघडते. मूळ पेपरमध्ये गॅमा लयीसाठी (मेंदूतल्या एका वेगवान विद्युतलयीसाठी) घातलेली एक अटच ही आहे, की खड्डा गाबाच्या रिव्हर्सलच्या वर राहिला पाहिजे. २७ च्या प्रयोगातला तुमचा खड्डा कुठवर गेला ते तपासा.

मिरज_ईईजी

दुसऱ्या शंकेवर लिहितो, कारण ती प्रयोगशाळेपुरती नाही. चुकीचं औषध दिलं गेलं तर त्याची किंमत मूल मोजतं.

उत्तराचा गाभा असा: सोडियम चॅनल कमी होतो हे खरं, पण कुठल्या पेशीत हे विचारलं पाहिजे. एससीएन१ए पासून बनणारा एनएव्ही १.१ हा चॅनल निरोधक पेशींचा मोठा आधार आहे, विशेषतः पार्व्हाल्ब्युमिनवाल्यांच्या ॲक्सॉनच्या (पेशीच्या लांब तंतूच्या) सुरुवातीच्या भागात, जिथे स्पाइक जन्मतो. उत्तेजक पिरॅमिडल पेशी मुख्यतः एनएव्ही १.२ आणि १.६ वर चालतात. त्यामुळे जनुकाची एक प्रत निकामी झाली की आधी कमजोर पडते ती अडवणारी बाजू. २००६ साली कॅटरॉल यांच्या गटाने एक प्रत नसलेल्या उंदरांमध्ये दाखवलं, की हिप्पोकॅम्पसच्या निरोधक पेशींचा सोडियम करंट ठळक घटलेला असतो आणि पिरॅमिडल पेशींचा तसा घटत नाही. २००७ साली जपानमधल्या गटाने हा चॅनल पार्व्हाल्ब्युमिन पेशींच्या ॲक्सॉनच्या मुळाशी असल्याचं दाखवलं.

वर माणदेशी यांनी एचचा हिशोब दिला आहे, तोच इथे लावा. जी पेशी सेकंदाला १० स्पाइक देते तिला सोडियमचा साठा थोडा कमी असला तरी चालतं. २०० देणाऱ्या पेशीला दर ५ मिलिसेकंदाला पुरेसे मोकळे चॅनल लागतात, तिथे तुटवडा लगेच जाणवतो. म्हणजे मेंदू जिथे सगळ्यात जोराने ब्रेक लावायला जातो तिथेच ब्रेक सुटतो.

तुमच्या मॉडेलमध्ये सोडियम ३५ वरून २६ आणि मग १७.५ करून पूर्ण वक्र काढा. १७.५ हा टोकाचा अंदाज आहे, कारण खऱ्या पेशीत एनएव्ही १.६ सुद्धा असतो आणि एका जनुकाची एक प्रत गेल्याने एकूण करंट निम्मा होईलच असं नाही. थ्रेशोल्डजवळच्या भागापेक्षा वरच्या टोकाकडे लक्ष द्या. आणि एक मर्यादा अहवालात नक्की लिहा: एका कप्प्याच्या मॉडेलमध्ये ॲक्सॉन नाही. उंदरांमध्ये पार्व्हाल्ब्युमिन पेशींची स्पाइक देण्याची क्षमता वयाबरोबर बरीच सावरते असं २०१८ मध्ये दिसलं, तरी आजार जात नाही. त्यानंतरच्या कामात ॲक्सॉनमधून स्पाइक पुढे जाण्यातला दोष टिकून राहतो असं पुढे आलं. पेशीच्या शरीरातलं रेकॉर्डिंग चांगलं दिसलं म्हणून पेशी बरी झाली असं धरता येत नाही.

आता दवाखान्याची बाजू. नेहमीचं चित्र असं: आतापर्यंत नीट वाढलेलं बाळ, पहिल्या वर्षात, बहुधा ५ ते ८ महिन्यांच्या दरम्यान, तापात किंवा लसीनंतरच्या तापात लांबलेली आकडी, अनेकदा अंगाच्या एकाच बाजूला. पुढच्या खेपेला दुसरी बाजू. सुरुवातीला ईईजी आणि एमआरआय दोन्ही सामान्य येऊ शकतात, आणि त्यावर विसंबून 'तापातली साधी आकडी' म्हणून विषय संपवला जातो. वर्षाच्या आत दोन-तीनदा लांबलेल्या आकड्या, त्याही कधी उजव्या तर कधी डाव्या बाजूला, असतील तर एससीएन१ए ची जनुकीय तपासणी मागितलीच पाहिजे.

कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन आणि लॅमोट्रिजिन ही औषधं सोडियम चॅनल अडवतात. बाकी अनेक प्रकारच्या अपस्मारात ती उत्तम चालतात, स्वस्त आहेत, तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात. ड्रॅव्हेमध्ये मात्र आधीच कमी ताकदीवर चाललेल्या निरोधक पेशींचा उरलासुरला सोडियमही ती अडवतात आणि आकड्या वाढू शकतात. डोस वाढवला की आणखी वाढतात, आणि मग अजून डोस वाढवण्याचा मोह होतो. नेहमीच्या उपचारात व्हाल्प्रोएट आणि क्लोबाझम आधी, त्यांना जोड म्हणून स्टिरिपेंटॉल, फेनफ्लुरामिन, कॅनाबिडिओल. क्लोबाझम आणि स्टिरिपेंटॉल ही गाबाच्या बाजूने काम करणारी औषधं आहेत, हे तुमच्या विषयाला धरूनच आहे. कोणी पालक हे वाचत असतील तर: चालू औषध स्वतःहून एकदम थांबवू नका, त्याने सलग आकड्यांचा धोका असतो. बदल मेंदूविकार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने.

शरीराचं तापमान वाढणं हे या मुलांमध्ये मोठं कारण ठरतं. ताप, गरम पाण्याची आंघोळ, उन्हात धावपळ. एप्रिल-मे मध्ये जत, आटपाडी, माणकडच्या पालकांनी दुपारचा प्रवास टाळलेला बरा, आणि आकडी थांबवण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला मिडाझोलम स्प्रे घरात आणि प्रवासाच्या पिशवीत, दोन्हीकडे ठेवावा.

अपवादही सांगतो, म्हणजे नियम आंधळेपणाने लावला जाणार नाही. एससीएन१ए मधले काही बदल चॅनलची क्रिया घटवण्याऐवजी वाढवतात. अर्धांगवायूसह येणाऱ्या आनुवंशिक अर्धशिशीचा तिसरा प्रकार त्यातला, आणि पहिल्या तीन महिन्यांतच आकड्या सुरू होणाऱ्या काही बाळांमध्येही तसं आढळतं. तिथे सोडियम अडवणारं औषध उपयोगी पडू शकतं. म्हणून रिपोर्टवर 'एससीएन१ए' एवढंच वाचून थांबू नये. बदल कोणता, त्याने चॅनलचं काय होतं आणि पहिली आकडी कोणत्या वयात आली, तिन्ही बघावं लागतं.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. −४० चा हिशोब हाताने करून बघितला, जुळला. दोन गोष्टी राहिल्या. तुलनेसाठी खरी रेकॉर्डिंग कुठून घेऊ आणि काय मोजू? आणि सोमॅटोस्टॅटिनवाल्या (निरोधक पेशींच्या दुसऱ्या एका प्रकारच्या) पेशींसाठी हेच मॉडेल आकडे बदलून वापरता येईल का?

अजिंक्यतारा (सातारा)

रेकॉर्डिंगसाठी ॲलन इन्स्टिट्यूटचा सेल टाइप्स डेटाबेस घ्या. मोफत आहे, ॲलनएसडीके नावाच्या पायथॉन पॅकेजने थेट उतरवता येतो. उंदराच्या ट्रान्सजेनिक ओळीनुसार गाळणी लावता येते: पार्व्हाल्ब्युमिन, सोमॅटोस्टॅटिन, व्हीआयपी. प्रत्येक पेशीची एनडब्ल्यूबी फाइल येते, त्यात एक सेकंदाच्या चौकोनी करंटचे टप्पे असतात. पेशी ३४ अंशांच्या आसपास नोंदलेल्या आहेत, म्हणजे तापमान शरीराच्या जवळचं. खोलीच्या तापमानाला नोंदलेल्या जुन्या पेपरांतले आकडे यांच्याशी थेट लावू नका. चॅनलच्या हालचालीचा वेग दर १० अंशांना साधारण तिपटीने बदलतो, आणि २३ अंशांना तीच पेशी फास्ट-स्पायकिंग वाटतही नाही.

मोजायचं काय? कमाल वेग सगळ्यात शेवटी. तो किती करंट दिला यावर फार अवलंबून असतो, आणि प्रयोग करणाऱ्याने मध्येच थांबवलं असेल तर खरा कमाल तुम्हाला दिसलेलाच नसतो. आधी स्पाइकचा आकार. व्होल्टेजच्या बदलाचा वेग २० व्होल्ट प्रति सेकंद ओलांडतो तो क्षण थ्रेशोल्ड धरा. तिथपासून शिखरापर्यंतच्या निम्म्या उंचीवरची रुंदी मोजा. पार्व्हाल्ब्युमिन पेशीत ती अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत असते, पिरॅमिडल पेशीत १ मिलिसेकंदाच्या आसपास. मग चढाचा सर्वाधिक वेग भागिले उताराचा सर्वाधिक वेग. फास्ट-स्पायकिंग पेशीत हे गुणोत्तर एकच्या जवळ असतं, पिरॅमिडलमध्ये तीन-चारपर्यंत जातं. केव्ही ३ ची सही या उतारात आहे, म्हणून मी हाच आकडा सगळ्यात जास्त मानतो. चॅनलचा कंडक्टन्स बसवताना यालाच जुळवा. वेग आपोआप जवळ येतो. उलट, वेग जुळवायला गेलात तर चुकीच्या आकाराच्या स्पाइकनेही तो जुळतो.

सॅम्पलिंग बघून घ्या. २० किलोहर्ट्झला दर ५० मायक्रोसेकंदाला एक बिंदू मिळतो. ०.३५ मिलिसेकंदाच्या रुंदीत सातच बिंदू येतात, म्हणजे एका बिंदूची चूक १४ टक्के. ५० किलोहर्ट्झच्या खालच्या डेटावर रुंदीतले बारीक फरक सांगू नयेत. लो-पास फिल्टर ३ किलोहर्ट्झचा लावला असेल तर रुंदी मुळातच वाढलेली असते, कितीही सॅम्पलिंग केलं तरी ती परत येत नाही.

दुसरी चूक सिरीज रेझिस्टन्सची. पेशीला ५०० पिकोअँपिअर द्यायचे आणि इलेक्ट्रोडचा १५ मेगाओम भरून काढलेला नसेल तर ७.५ मिलिव्होल्टची खोटी भर पडते. फास्ट-स्पायकिंग पेशींचा इनपुट रेझिस्टन्स कमी, १०० मेगाओमच्या आसपास, त्यामुळे त्यांना करंट जास्त लागतो आणि ही चूक नेमकी त्यांच्यात मोठी होते. दिलेला करंट वाढेल तसा थ्रेशोल्ड सरळ रेषेत चढताना दिसला की पहिला संशय इथे घ्या.

तिसरी जंक्शन पोटेन्शियलची (दोन द्रावणांच्या सीमेवर पडणाऱ्या व्होल्टेजची). पोटॅशियम ग्लुकोनेटचं द्रावण पिपेटमध्ये असताना साधारण १४ मिलिव्होल्टचा फरक येतो. दुरुस्ती न केलेली −७० म्हणजे खरी −८४. केव्ही ३ चा अर्ध-उघड व्होल्टेज वेगवेगळ्या पेपरांत १० मिलिव्होल्टने वेगळा दिसतो त्याचं एक कारण हेच. मॉडेलमध्ये आकडा घालण्याआधी त्या पेपरने दुरुस्ती केली होती का ते पद्धतीच्या भागात शोधा.

वयही. उंदराच्या पिल्लात केव्ही ३ चा करंट जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढतो. १० व्या दिवशीची पार्व्हाल्ब्युमिन पेशी आणि १८ व्या दिवसानंतरची पेशी यांचे स्पाइक शेजारी ठेवले तर दोन वेगळे प्रकार वाटावेत. ॲलनच्या पेशी प्रौढ उंदरांच्या आहेत, तिथे ही अडचण नाही.

टीईए वापरलेले पेपर वाचताना मात्रा बघा. १ मिलिमोलरला केव्ही ३ बहुतांश अडतो, पण त्याच मात्रेला बीके (कॅल्शियमने उघडणारा पोटॅशियम चॅनल) आणि केव्ही १.१ सुद्धा अडतात. म्हणून चांगल्या कामात आयबेरिओटॉक्सिन (बीके अडवणारं) आणि डेंड्रोटॉक्सिन (केव्ही १.१ अडवणारं) वेगळे लावून ती शक्यता काढून टाकलेली असते. केव्ही १.१ चं काम निराळं आहे. तो ॲक्सॉनच्या मुळाशी बसतो, थ्रेशोल्डच्या खालीच उघडतो आणि पहिला स्पाइक उशिरा आणतो. थ्रेशोल्डच्या जरासा वर करंट दिला की पार्व्हाल्ब्युमिन पेशी काही शे मिलिसेकंद गप्प राहून मग एकदम फायर करते, ते यामुळे. तुमच्या मॉडेलमध्ये हा उशीर येणारच नाही, आणि तो केव्ही ३ च्या आकड्यांत फिरवाफिरव करून आणायचा प्रयत्न करू नका.

सोमॅटोस्टॅटिनबद्दल: नुसते आकडे बदलून भागणार नाही, करंटच वेगळे आहेत. त्यांचा इनपुट रेझिस्टन्स जास्त असतो आणि करंट चालू असताना फायरिंग हळूहळू मंदावतं. अनेकांत हायपरपोलरायझिंग करंट दिला की व्होल्टेज खाली जाऊन परत थोडा वर सरकतो, त्याला सॅग म्हणतात. हा एचसीएन चॅनलचा आय-एच करंट. तो खाली गेल्यावर उघडतो, उलट्या दिशेने. अर्ध-उघड साधारण −८० ते −९०, रिव्हर्सल −३० च्या आसपास, टाइम कॉन्स्टंट दहा ते शेकडो मिलिसेकंद. हिप्पोकॅम्पसच्या ओ-एलएम पेशी याचं चांगलं उदाहरण. कॉर्टेक्समधल्या काही सोमॅटोस्टॅटिन पेशींत टी-टाइप कॅल्शियम चॅनलही भरपूर असतात, त्यामुळे खाली ढकलून सोडलं की स्वतःहून उसळी मारून स्पाइक येतो.

टी-टाइपची पूर्ण ताकद बघायची तर थॅलॅमसच्या रेटिक्युलर केंद्रकातल्या पेशी घ्या, त्याही गाबाच्याच. −६० ला हे चॅनल बहुतेक इनॅक्टिव्हेट असतात. पेशी −८० च्या आसपास काही काळ राहिली की ते मोकळे होतात आणि मग जराशा धक्क्याने स्पाइकचा झोत सुटतो. आत आलेलं कॅल्शियम एसके २ पोटॅशियम चॅनल उघडतं, पेशी परत खाली जाते आणि टी-टाइप पुन्हा मोकळे होतात. झोपेतल्या स्पिंडल लयीला याच चक्राचा हातभार असतो. म्हणजे एकच पेशी −६० ला सुटे स्पाइक देते आणि −८० वरून झोत देते. इथे एचच्या जोडीला टी-टाइपचा स्वतःचा इनॅक्टिव्हेशन गेट आणि कॅल्शियमचा हिशोब ठेवणारं समीकरण घालावं लागेल. एम.एस्सी.च्या मुदतीत मी पार्व्हाल्ब्युमिन आणि फार तर आय-एच असलेली एक सोमॅटोस्टॅटिन पेशी, एवढंच घेईन.

कृष्णाकाठ

आय-एचचा टाइम कॉन्स्टंट शेकडो मिलिसेकंद असेल तर १ सेकंदाचा करंट आणि पहिले २०० मिलिसेकंद सोडणं पुरेल का?

माणदेशी_कोड (दहिवडी)

नाही पुरणार. आय-एच जोडल्यावर आधी करंट न देता २ सेकंद चालवा, सगळे गेट स्थिर झाले की त्या किमती सुरुवातीच्या म्हणून जतन करा आणि प्रत्येक करंट तिथूनच सुरू करा. करंट ३ सेकंदांचा ठेवा आणि वेग शेवटच्या १ सेकंदात मोजा. मंदावणं दाखवायचं असेल तर पहिल्या १०० मिलिसेकंदातला वेग वेगळा काढा. दोन्हींचं गुणोत्तर हाच तुमचा आकडा. सॅगसाठी −५० ते −२०० पिकोअँपिअरच्या तोडीचे टप्पे लागतील, तेव्हा घनतेच्या एककातून पूर्ण पेशीच्या एककात यायचं विसरू नका: पेशीचं क्षेत्रफळ १०,००० चौरस मायक्रोमीटर धरलं तर १ मायक्रोअँपिअर प्रति चौ. सेंमी. म्हणजे १०० पिकोअँपिअर. हे क्षेत्रफळ ॲलनच्या पेशीच्या कपॅसिटन्सवरून काढता येतं, १०० पिकोफॅरडला १०,००० चौरस मायक्रोमीटर.

०.०१ च्या पायरीने ४१ करंट गुणिले सहा टाइम कॉन्स्टंट गुणिले ३ सेकंद हे साध्या पायथॉन लूपमध्ये बराच वेळ घेईल. नंबा (पायथॉनचा कोड वेगवान करणारं पॅकेज) लावा, आणि प्रत्येक करंट संपला की निकाल फाइलमध्ये लिहून टाका. मध्येच लाइट गेली आणि बॅटरी उतरली तर तिथूनच पुढे सुरू करता येतं. फाइलच्या नावातच पायरी, फाय, केव्ही ३ चा कंडक्टन्स आणि त्याचा मिटण्याचा टाइम कॉन्स्टंट घाला.